काळविटामागची विहीर

हिवरटेक, तालुका जालना
कार्तिक वद्य पंचमी, सन १९३७

दादा,

पेटी काल पोचली. जालन्याच्या स्टेशनापासून आपल्या गाडीवाल्या लालमियाँनं ती मांडीवर धरून आणली, बैलांनी आपल्याच मर्जीनं घर गाठलं म्हणे. भिंगाला ओरखडा नाही, काचांचे डबे शाबूत आहेत.

तुला तीर्थरूप, शिरसाष्टांग वगैरे घालत नाही. तू तिकडे हैदराबादेत महसूल खात्यातला काकासाहेब देशमुख असशील. इथे आपण एकाच पाटीवरची अक्षरं थुंकी लावून पुसलेली भावंडं. विधवा होऊन माहेरी आलेल्या बहिणीला लोक पोथी पाठवतात, फार तर गंगेचा गडू. तू कॅमेरा पाठवलास. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, घरचा कर्ताच सांगतोय तर मी कोण अडवणार, पण देशमुखांच्या घरचा गोषा मोडायचा नाही. दमणीतूनच हिंडायचं, गाडीचा पडदा वर जाता कामा नये. आणि एकटीनं जायचं नाही, नंदाबाईला बरोबर न्यायचं.

म्हणजे तुझी बायको माझी राखणदार झाली. लग्नाला सहा वर्षं झाली, देवीची यात्रा सोडली तर वहिनी उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. तिला कॅमेऱ्यातलं काही नको आहे, नुसतं गाडीत बसायला मिळालं म्हणून ती खूश आहे.

एक गंमत आताच सांगते. माळावरची काळविटं माणूस दिसला की चौखूर उधळतात, पण बैलगाडीकडे ढुंकूनही बघत नाहीत. तुझे शिकारी मित्र बाभळीआडून पोटावर सरपटतात तरी त्यांना जवळ जाता येत नाही, आणि आम्ही दोघी गादीवर बसून जातो. आम्ही पडद्याआड, भिंग पडद्याच्या फटीत. पणजोबांनी घरात गोषा घातला तेव्हा हे काही त्यांच्या मनात नसणार.

तुझे इंग्रजी शब्द माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी आपले ठेवले. भिंगातलं भोक लहानमोठं होतं ती बाहुली, डोळ्यात असते तशी. उघडून मिटते ती पापणी. बाहुली मोठी केली की उजेड भसकन आत येतो, म्हणून पापणी चटकन मिटायची. बाहुली बारीक केली तर पापणी सावकाश. बरोबर ना? फक्त आकड्यांचा हिशोब असा उलटा का रे? साडेचारला बाहुली मोठी आणि बत्तीसला टाचणीच्या टोकाएवढी. वहिनी म्हणाली, सरकारी नोकरीसारखं दिसतंय, हुद्दा वाढला की मन बारीक. मी नाही हो म्हटलं, तुझ्या बायकोनं म्हटलं.

गोजर


हिवरटेक
मार्गशीर्ष वद्य एकादशी

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझ्याशी भांडले.

तू लिहितोस, जनावराच्या चित्रात डोळा हाच काय तो जीव. नजर डोळ्यावर बसव, बाहुली साडेचारवर ठेव, पापणी सेकंदाचा अडीचशेवा हिस्सा. मग त्यानं मान उडवली तरी डोळा लख्ख येईल, आणि मागचा माळ, झाडं, डोंगर सगळं विरघळून जाईल. बघणाऱ्याची नजर दुसरीकडे जायलाच नको.

तसं करून बघितलं. पहिल्या काचांत नाक लख्ख आलं आणि डोळा पुसट, कारण एवढ्या मोठ्या बाहुलीला एक वीतभरच जागा साफ दिसते, पुढंमागं झालं की गेलं. मग एक साधलं. पापणीचे केससुद्धा मोजून घ्यावेत असं आलं. तुझी विद्या खरी आहे, कबूल. पण वहिनीनं तो कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "वन्सं, हे कुठलं हरीण? आपल्या माळावरलं वाटतच न्हाई. कुठलंबी असंल."

माझंही तेच म्हणणं आहे. तू दिवसभर उघड्यावर हिंडतोस, म्हणून तुला थोडं जग टाकून द्यायला परवडतं. मला माळ दिसतो तो आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, बोटभर फटीतून. तेवढ्यात कचरूच्या शेतातला हरभरा असतो, बांधावरच्या बोरी असतात, मोडक्या मोटेची ती जुनी विहीर असते, कधी नशीब असलं तर लांबवर आगगाडीचा धूर. हे सगळं विरघळवून टाक म्हणतोस? मी नाही टाकणार. मी बत्तीसवरच काढणार, काळविटाच्या डोळ्यापासून क्षितिजापर्यंत सगळं साफ.

अडचण ठाऊक आहे. बाहुली इतकी बारीक केली की पापणी सेकंदाचा पाचवा हिस्सा उघडी ठेवावी लागते. तेवढ्यात जनावरानं कान हलवला तर कान गेला. शिवाय गाडी हलता कामा नये. बैल रवंथ करतात, गाडी हलते. वहिनीला हसू येतं, गाडी हलते. तिला कशाचंही हसू येतं. काळवीट शिंकलं तरी ती तोंडात पदर कोंबून हसते.

तू दिवाळीला पाठवलेलं लुगडं, ते रुंद रुईफुली काठाचं, ती दर शुक्रवारी नेसते. गाडीत बघायला कोण असतं? मी आणि बैल. मी म्हटलं ठेवून दे, दादा येईल तेव्हा नेस. म्हणाली, त्यांच्या येण्याची वाट बघत घडी ठेवली तर घडीवरच विरून जाईल. तेव्हा सुट्टी काढ आणि ये.

गोजर


हिवरटेक
माघ शुद्ध सप्तमी, सन १९३८

दादा,

साधलं! उन्हात छापलेला कागद सोबत आहे, आणि मूळ काचही कापसात गुंडाळून पाठवते आहे. तिकडे चांगल्या माणसाकडून मोठं करून घे आणि तुझ्या बैठकीत लाव.

कळपातला मोठा नर हरभऱ्याच्या बांधावर एकटाच उभा होता, काळा कुळकुळीत. गाडी जितकी जवळ नेली तितकी त्यानं येऊ दिली. आधी बाहुली सताड उघडून त्याच्या डोळ्यावर नजर बसवली. तेव्हा नजर बसवायच्या दुधी काचेवर मागचं नुसतं धुकं होतं. मग बाहुली बत्तीसवर आणली आणि बघते तर गाडी हलतेच आहे. लालमियाँना म्हटलं, बैल सोडा आणि वळसा घालून पलीकडच्या विहिरीवर पाणी पाजायला न्या. वहिनीला म्हटलं, तू पण उतर, बैलाच्या आडून चाल. बैलामागच्या माणसाला काळवीट धरतच नाही. ती म्हणाली, "उतरू? आन् पडदा?" मी म्हटलं, इथे तुला कोण बघतंय, काळवीट?

उतरली. चपला हातात घेऊन बैलाच्या आडोशानं गेली. बैल लांब गेल्यावर काळविटानं एकदा तिकडे बघितलं आणि पुन्हा गाडीकडे तोंड केलं, पडद्याची कडी वाजली असावी. मी श्वास धरला आणि पापणी उघडली. तो जागचा हलला नाही. देवळापुढचा नंदीही इतका सोशीक नसेल.

रात्री लाल कंदिलात काच धुताना आधी त्याचा डोळा उमटला. मग शिंगांचा एकेक पीळ, मग बांधावरचे घाटे, मग मागची विहीर, विहिरीचा दगड न् दगड. आता सांग, काय टाकून द्यायचं होतं यातलं?

आणि विहिरीवर अजून एक गंमत आहे. कुठे ते सांगणार नाही, मोठं भिंग घे आणि शोध. सहा महिन्यांत जिला बघितलं नाहीस ती पाणी पिताना दिसेल. ओळखलीस तर येताना तिला काहीतरी आण. नाही ओळखलीस तर दोन आण. तुझ्या साडेचारवर काढलं असतं तर ती दिसली असती का?

गोजर


हिवरटेक
फाल्गुन वद्य तृतीया

तीर्थरूप काकासाहेब देशमुख यांस,

यापुढे तुम्ही म्हणेन. काल ज्या माणसाला बघितलं त्याला तू म्हणवत नाही.

दुपारी आलात. पायातले बूटही काढले नाहीत. वहिनीला सोप्यात बोलावलंत, ते मोठं केलेलं चित्र तिच्यापुढे धरलंत आणि विचारलंत, ही तूच का? ती हो म्हणाली. मला काही विचारलं नाहीत. काच तेवढी आणून माझ्या देवळीत ठेवलीत, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलात.

पुढचं मला आईकडून कळलं. चित्र तुम्ही बैठकीत लावलंत, आल्यागेल्यानं काळविटाची वाहवा केली. मग कोणा पाहुण्यानं चष्मा पुसून जवळ जाऊन बघितलं आणि हसत विचारलं, की साहेब, हरीण तर उत्तम, पण मागे विहिरीवर गाडीवाला जिच्या ओंजळीत पाणी ओततोय ती उघड्या डोक्याची बाई कोण? तुम्ही म्हणालात, कोणी मजुरीण असेल. पाहुणे गेल्यावर भिंग घेऊन एकट्यानं बघत बसलात.

दादा, ती गंमत शोध असं मीच तुम्हाला लिहिलं होतं. मला वाटलं होतं, तिला बघून तुम्हाला आनंद होईल.

आईचं वेगळंच चाललं आहे. ती पदराचं बोलत नाही, पाण्याचं बोलते. मुसलमानाच्या हातचं पाणी देशमुखांची सून प्याली, घर बाटलं. तुम्हाला नि मला खांद्यावर बसवून जालन्याचा बाजार दाखवला तो हाच लालमियाँ, हे तिला सांगून उपयोग झाला नाही. त्याचं काम गेलं. त्यानं आसूड ओट्यावर ठेवला, आईला सलाम केला आणि गेला.

वहिनीला आज सकाळी घनसावंगीला, तिच्या माहेरी पाठवलं. गाडी कारभाऱ्यानं हाकली. आईनं स्वतःच्या हातानं पडदा बांधला. वहिनी रडली नाही. गाडीत बसल्यावर पडद्यातून मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "वन्सं, त्या फोटूत मी चांगली दिसते का?"

मी हो म्हटलं.

गोजरबाई


हिवरटेक
ज्येष्ठ वद्य अष्टमी

ती. काकासाहेबांस,

माझ्या पत्रांना उत्तर येत नाही. आईला मात्र लिहिलंत, की तिच्या डोक्यावर पदर नव्हता हे खोटं आहे का? ते वाचून दाखवायला आईनं मलाच बोलावलं, म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मीच देते.

खोटं नाही. पदर नव्हता. पण तुम्ही कधी ओंजळीनं पाणी प्यालात का? ओंजळीला दोन्ही हात लागतात. वाकावं लागतं. मग पदर कोणी धरायचा? लालमियाँनं तर मान दुसरीकडे वळवून पाणी ओतलं, तेही चित्रात लख्ख दिसतं. तेवढं मात्र तुमच्या भिंगाला दिसलं नाही.

आणि ती तिथे गेली कशी, तेही ऐका. बैल सोडा मी म्हटलं. उतर मी म्हटलं. ती पडद्याचं विचारत होती, मी तिची थट्टा केली. सगळं बत्तीसच्या आकड्यापायी. तुमचं ऐकून साडेचार लावलं असतं तर पापणी क्षणात मिटली असती, गाडी हलली तरी चाललं असतं, आणि ती माझ्या शेजारी गादीवर हसत बसली असती. शिक्षा द्यायची तर मला द्या. कॅमेरा परत घ्या, मला खोलीत कोंडा, काय हवं ते करा. पण तिला घेऊन या.

मनातल्या मनात हे तुम्हाला पटतं आहे असं मला वाटतं. अडलं आहे ते त्या पाहुण्यांपाशी. मजुरीण म्हणून बसलात, आता तीच बायको म्हणून बैठकीत कशी दाखवायची? मग ते पाहुणे बदला दादा. पाहुणे पुष्कळ मिळतात.

जाफराबादकडचं एक स्थळ आईकडे दोनदा येऊन गेलं. मुलगी तेरा वर्षांची आहे. आई म्हणते, तुम्ही नाही म्हटलेलं नाही. तुम्ही हो म्हटलेलंही नाही, यावर मी दिवस काढते आहे. दुसरी आली की वहिनीला या घरात यायला दार उरणार नाही. त्याआधी या. गाडी मी जोडून ठेवते.

गोजर


हिवरटेक
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

ती. दादांस,

तुमच्या दोन ओळी मिळाल्या. "विचार करू, बघू." नऊ महिन्यांनी आलेल्या दोन ओळी मी दिवसभर कमरेला खोचून हिंडले. "बघू" या शब्दानं माझ्या डोक्यात एक खूळ भरलं. म्हटलं, बघायचंच आहे तर नीट दाखवू. कॅमेरा घेतला, आईला देवीचा नवस सांगितला आणि घनसावंगीला गेले.

तुमच्या सासरी गोषा नाही, साधी शेतकरी माणसं. वहिनी कपाशीच्या रानात होती. उन्हानं रापली आहे, हाताला बोंडांचे ओरखडे आहेत. मला बघून लांबूनच हसली, तसंच, तोंडात पदर कोंबून. तिच्या आईनं, चतुराबाईंनी, मला भाकरी वाढली. तुमचं नाव एकदाही काढलं नाही. त्यांचा राग मला परवडला असता.

मी वहिनीला सगळं सांगितलं. दादाचं मन वळतंय, आता एक चांगला फोटो पाठवू, डोक्यावर नीट पदर, कपाळावर कुंकू, बस त्या निंबाखाली. या वेळी बाहुली उघडी ठेवते, तुझे डोळे असे येतील की त्याला पहिल्या गाडीनं यावं लागेल. तिनं सगळं ऐकून घेतलं. कॅमेऱ्याला हात लावून बघितला, पूर्वी बघायची तसा. मग म्हणाली, "न्हाई वन्सं. एका फोटूनं घर गेलं, दुसऱ्यानं काय येतंय मंग? त्यांना मला बघायचं असंल तर या म्हणावं इथं. मी काय हरीण हाय का, लांबून बघायला?"

मी खूप समजावलं. तिचा आवाजसुद्धा चढला नाही, पण ती निंबाखाली बसली नाही. नुसतंच तुमच्या खोकल्याचं विचारलं, दादा, थंडीत तुम्हाला होतो तो कसा आहे म्हणून.

तेव्हा फोटो नाही. निरोप आहे, तो वर लिहिला. दादा, जाऊन या. काही बोलू नका हवं तर. तुम्ही दारात उभे राहिलात तर ती गाडीत येऊन बसेल, मला ठाऊक आहे. हे मी तिच्या परवानगीशिवाय लिहिते आहे.

गोजर


हिवरटेक
वैशाख वद्य त्रयोदशी, सन १९३९

ती. काकासाहेबांस,

काल घनसावंगीहून माणूस आला होता. गोदाकाठच्या गावांत पटकीची साथ आहे. वहिनी परवा सकाळी शेतात गेली होती आणि दिवस मावळायच्या आत गेली. त्यांनीच सगळं उरकलं. तुम्हाला कळवायला वेळ नव्हता, आणि कळवून तुम्ही आला असता की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

सुतक तुम्हाला आहे. पाळा किंवा पाळू नका. मजुरणीचं सुतक कोणी पाळत नाही.

गोजरबाई


हिवरटेक
भाद्रपद वद्य नवमी

दादा,

आज पुन्हा तू म्हणते आहे. माफ केलं म्हणून नाही. तुम्ही म्हणून इतक्या लांबून भांडण करता येत नाही, आणि रडताही येत नाही.

आज अविधवा नवमी. आईनं वहिनीच्या नावानं सवाष्ण जेवू घातली. खण दिला, ओटी भरली. ज्या हातानं गाडीचा पडदा बांधला त्याच हातानं पुरणपोळी वाढली, आणि वाढता वाढता मटकन खाली बसली. मी तिला उठवलं नाही. थोड्या वेळानं आपली आपण उठली. जाफराबादकरांना तिनं परवाच नाही म्हणून कळवलं.

तुझं पत्र सकाळी आलं होतं. जेवणं झाल्यावर वाचलं. ते मोठं चित्र तू तेव्हाच जाळलंस, हे मला माहीत नव्हतं. आता लिहितोस, की नंदाचा चेहरा आठवत नाही. कितीही डोळे मिटून बसलं तरी येत नाही. घरात दिवसा ती तुझ्यासमोर डोक्यावरून पदर ओढून, आणि रात्री दिव्याला पाठ करून. सहा वर्षांत तू जेवढे महिने घरी राहिलास तेवढंच तिला बघितलंस, म्हणून आठवत नाही. तुला खोटं म्हणत नाही. तिची दुसरी कुठलीच तसबीर जगात नाही, तेव्हा ती काच पाठव, विहिरीवरचा तेवढाच तुकडा मोठा करून घेतो, असं लिहितोस.

पत्र वाचून मी काच काढली, खिडकीशी धरली आणि मोठ्या भिंगातून बघितली. इतक्या दिवसांत नुसत्या डोळ्यांनी बघितली होती, भिंग लावून एकदाही नाही.

दादा, त्यात तिचा चेहरा नाही.

काळविटाचा डोळा आहे. बोरी आहेत. विहिरीचा दगड न् दगड आहे, दोराचा पीळ आहे, लालमियाँची वळवलेली मान आणि दाढी आहे. तिची ओंजळ आहे, लुगड्याचा रुईफुली काठ इतका साफ आहे की फुलं मोजता येतील. पण पापणी सेकंदाचा पाचवा हिस्सा उघडी होती. बाकी सगळे तेवढा वेळ स्थिर राहिले. ती एकटी हलली. पाणी पिऊन मान वर करत असेल, किंवा हसली असेल, हसलीच असणार. चेहऱ्याच्या जागी एक पुसट फराटा आहे, बोट फिरवून पुसल्यासारखा. कितीही मोठा केलास तरी फराटाच मोठा होईल.

म्हणजे तू तेव्हाही तिला बघितलं नव्हतंस. काठ बघितलास, आपणच पाठवलेलं लुगडं ओळखलंस आणि उघडं डोकं बघितलंस. तेवढ्यावर तिला विचारलंस, ही तूच का, आणि ती हो म्हणाली. नाही म्हणाली असती तर तुला काय दाखवता आलं असतं? मला हे तेव्हा कळलं असतं तर मी तिला नाही म्हणायला लावलं असतं. पण ती म्हणाली नसती.

माझ्या सांगण्यावर विश्वास बसणार नाही, म्हणून काच सोबत पाठवते आहे. तुझा माणसांपेक्षा काचेवर विश्वास जास्त.

मी अजून माळावर जाते. एकटी, पडद्यात, कारभारी गाडी हाकतो. मागच्या महिन्यात तुझ्या पद्धतीनं एक चित्र काढलं, साडेचारवर, अडीचशेवा हिस्सा. मादी आणि तिचं पाडस. फार सुंदर आलं. मागे काही दिसत नाही, कोणी नाही. तुला आवडेल असं आहे, पण पाठवत नाही.

तिला कुणासारखी म्हणू, असं मी दुपारभर बसून लिहून बघितलं. नाक सरळ, डाव्या भुवईत जुन्या खोकेची लहानशी खूण, हसताना खालचा ओठ आत ओढायची. लिहिलं की वाटतं, ही कोणीही असेल. माझ्याच्यानं होत नाही.

चेहरा बघायचाच असेल तर एक जागा आहे. घनसावंगीला जा. चतुराबाई आहेत अजून. नंदा हुबेहूब आईवर गेली होती, सगळे म्हणायचे. मी गेले तेव्हा मलाही एकदा त्यांना दारात बघून चुकायला झालं होतं. उजेडात बसून तुला हवा तेवढा वेळ बघता येईल, त्या पदर ओढून घेत नाहीत. त्यांनी तुला लग्नातल्या अंतरपाटाच्या वेळी बघितलंय, त्यानंतर नीट कधी नाही, तेव्हा ओळखणार नाहीत. दार उघडतील आणि विचारतील, कोण पाहिजे. आपण कोण म्हणून सांगायचं, तेवढं वाटेतच ठरवून ठेव.

गोजर